परिच्छेद चौदा-सहाचा आधार

फोन आला तेव्हा माझा डावा दंड सरकारच्या ताब्यात होता. त्लोक्वेंगच्या दवाखान्यातली नर्स रबरी फुगा दाबत होती, पट्टा आवळत चालला होता, आणि उजव्या कानात एक कोवळा, फार नम्र आवाज विचारत होता, "रा दिकोबे, परिच्छेद चौदा-सहाचा आधार काय?" कुठला चौदा-सहा, असं मी विचारलं खरं, पण ते वेळ काढायला. पारा वर गेला. मला दिसला वर जाताना. नर्सलाही दिसला. "फोन ठेवा, रा-बोनोलो," ती म्हणाली, "कोण बोलतंय? बायको?" म्हटलं, सरकार. "मग बरोबर आहे," असं म्हणून तिनं पट्टा सोडला, फुस्स आवाज झाला, आणि तिनं मला बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. "अर्धा तास बसा. कशाचाही विचार करू नका. मग परत बघू." एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे काही अवघड नव्हतं.

बाहेर मोरुला झाडाच्या सावलीत बाक होता. बाकावर मी, फोनमध्ये ती. ओनालेन्ना तिचं नाव, योजना मंत्रालयात दोन वर्षं झालेली, वाक्यागणिक मला 'रा' म्हणणारी; आमच्याकडे रा म्हणजे साहेबही आणि बापही. तिनं मला वाचून दाखवलं, जणू मी ते कधी ऐकलंच नव्हतं : कोणत्याही वस्तीपासून आरोग्यचौकी अकरा किलोमीटरच्या आत असावी. "नव्या धोरणात प्रत्येक आकड्यासमोर आधाराचा रकाना आहे, रा. अभ्यासाचं नाव, वर्ष, नमुना किती माणसांचा. तुमच्या अकरासमोर नुसती रेघ आहे. मी तळघरातल्या सगळ्या फायली काढल्या. कुठेच काही नाही. दुपारी तीनला समिती बसते. आधार मिळाला नाही तर पंचवीस करणार आहेत. पंचवीसला आधार आहे." "केवढा?" "दोनशे पानं." मी विचारलं, अकराच्या हिशेबानं बांधलेल्या चौक्यांचं काय? "पंचवीसच्या गोलात दोन-दोन, तीन-तीन येतात ना, रा. जास्तीच्या बंद होतील. बेचाळीस." "त्यात मोसेत्ला गाव?" संगणकाच्या कळा दाबल्याचा आवाज आला. "यादीत पहिलंच नाव आहे." मग जरा खालच्या आवाजात, कोणी ऐकेल अशा भीतीनं, "मला तो आकडा राहायला हवाय, रा. माझी आजी तिकडची आहे. पण रेघेच्या बाजूनं मी कशी बोलू? तुम्ही होतात ना तेव्हा? काहीतरी अभ्यास केला असेल ना?" अर्ध्या तासात सांगतो, असं म्हणून मी फोन खिशात टाकला. माझ्याच अंगात कुठेतरी पारा अजून हलत होता.

अभ्यास. मी हसलो असेन, कारण समोरच्या बाईनं तिच्या पाठीवरचं मूल दुसऱ्या बाजूला वळवलं. अभ्यास नव्हता. मला माहीत होतं, एकट्या मलाच माहीत होतं, की देशाच्या विकासाच्या योजनेतला तो आकडा एका जाकिटामुळे आला. बेचाळीस वर्षं मी हे पोटात ठेवलं. बायकोला सांगितलं नाही, पाद्रीबाबांना नाही, निवृत्तीच्या भाषणातही नाही. तिथे मी लोकसहभागाबद्दल बोललो, आणि लोक डोळे पुसत होते. परदेशातून पाहुणे यायचे, वह्या उघडायचे, विचारायचे की एवढ्या गरीब काळात तुम्ही एवढं अंतर धरायचं धाडस केलंत कसं. मी म्हणायचो, आम्ही लोकांना विचारलं. ते लिहून घ्यायचे आणि मान हलवायचे. मीही हलवायचो. एखादा देश चुकून शहाणा झाला असेल, तर त्याला उठवून सांगू नये.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा, आणि माझ्याजवळ एक जाकीट होतं. करडं, लोकरी, माफिकेंगहून आणलेलं, खांद्याला किंचित मोठं. त्या जाकिटाएवढं व्हायला मला अजून बराच वेळ होता. योजनेचा मसुदा घेऊन गावोगाव फिरायचं, खोत्लात, म्हणजे गावच्या सभेत बसायचं, लोकांचं ऐकायचं, हे माझं काम. मसुद्यात पंचवीस किलोमीटर होते. ते कुठून आले होते ते मला ठाऊक नव्हतं, पण छापलेले होते, म्हणजे कुठूनतरी आलेच असणार. मोसेत्लाला पोचलो तो ऑक्टोबर महिना. त्या महिन्यात आमच्याकडे माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त श्वास घेतात. प्रमुखांच्या घरापुढे मोपाने झाडाच्या खुंटांचं अर्धं वर्तुळ, आत मऊ वाळू, बुटक्या चामडी खुर्च्यांवर पुरुष, वाळूवर पाय लांब करून बायका. आणि एक अडचण. खोत्लात उभं राहून बोलायचं तर पुरुषाच्या अंगावर जाकीट हवं. उघड्या सदऱ्यानं बोललेलं कोणी ऐकत नाही, ते बोलणंच धरत नाहीत. मोसेत्लात जाकिटं तीन. एक प्रमुखांच्या अंगावर, एक मास्तरांचं आणि मास्तर लग्नाला गेलेले, आणि तिसऱ्यात गेल्याच हिवाळ्यात त्याचा मालक पुरलेला. काठी घेऊन दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या शिपायानं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या जाकिटाकडे पाहिलं. मी ते काढून दिलं. सरकारनं मोसेत्ला गावाला पुरवलेली ती पहिली सोय.

मग ते जाकीट फिरू लागलं. एक उठायचा, अंगात घालायचा, बाह्या सारख्या करायचा, आणि एकदम उंच व्हायचा. मी ते पाहत होतो, आणि मला पहिल्यांदा कसंसंच झालं, ज्याला नंतर मी आदर म्हणायला शिकलो. तोच माणूस जरा वेळापूर्वी माशा वारत बसला होता. आता तो गुरांच्या तोंडातल्या फोडांबद्दल बोलत होता आणि जणू सगळा देश त्याच्यासमोर वाळूत बसला होता. बोलून झालं की जाकीट काढायचा, दुसऱ्याला द्यायचा, परत लहान व्हायचा. एक जण कूपनलिकेबद्दल बोलला. एक जण शेजाऱ्याच्या गाढवांबद्दल बोलला, तेही योजनेत घ्यावं म्हणाला. कोणीही कोणाला अडवत नव्हतं. चौथ्यानं जाकीट घातलं तो एक वाळका, लांब हातांचा माणूस. शिपायानं पुकारलं, रा-सेथुन्या. आमच्याकडे पहिलं मूल झालं की बापाचं स्वतःचं नाव जवळजवळ पेन्शनीत निघतं, मुलाच्याच नावानं त्याला हाक पडते. मला बोनोलो व्हायची होती, मी अजून नुसता दिकोबे होतो. हा सेथुन्याचा बाप. माझं जाकीट त्याला आखूड पडत होतं, मनगटं बाहेर. उजवा हात त्यानं खिशात घातला, आणि किती वेळ बोललाच नाही. माझ्या जाकिटाच्या खिशात त्याचा हात हलताना मला दिसत होता. मग तो म्हणाला, "अकरा. त्याच्या पुढे नाही." आणि बसला.

एवढंच. पुढचा उठला, म्हणाला, रा-सेथुन्या म्हणतो ते, अकरा. त्याच्या पुढचाही तेच म्हणाला. गाढवांवाला परत जाकीट मागून उठला आणि म्हणाला, गाढवं राहू द्या, अकरा. मी घाबरलो. मसुद्यात पंचवीस आहे हे त्यांना सांगायला हवं होतं, अकरा कुठल्या झाडाचं फळ हे विचारायला हवं होतं. मी हात वर केला. शिपायानं माझ्या सदऱ्याकडे पाहिलं. घामानं तो अंगाला चिकटला होता, वरचं बटण तुटलेलं होतं. म्हाताऱ्यानं नुसती काठी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. मी हात खाली घेतला. आपल्या सरकारचा प्रतिनिधी त्या दिवशी जाकिटाअभावी गप्प बसला. शेवटी प्रमुख उठले. प्रमुख सगळ्यांत शेवटी बोलतात आणि स्वतःचं काही बोलत नाहीत, लोक काय म्हणाले तेवढंच परत सांगतात. त्यांनी फोड सांगितले, कूपनलिका सांगितली, आणि म्हणाले, "आणि खोत्ला म्हणतो, अकरा." मग सगळे एका आवाजात ओरडले, "पुला!" पाऊस पडो, म्हणजे झालं, ठरलं. वर आभाळात एक ढग नव्हता. परत निघताना मी जाकीट घातलं, खिशात हात गेला आणि बोटांना कागद लागला. सिगारेटच्या पाकिटाचा फाडलेला तुकडा. त्यावर माझा ड्रायव्हर मोत्सुमी याच्या अक्षरात : ११.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मोठ्या रस्त्यावरून आत वळल्यापासून गावापर्यंत अकरा किलोमीटर भरले, तेवढं मोत्सुमीनं गाडीच्या काट्यावरून टिपून माझ्या खिशात टाकलं असणार, प्रवासभत्त्यासाठी. रा-सेथुन्याचा हात खिशात गेला, त्याला कागद मिळाला, त्याला वाटलं सरकारला हेच हवंय. पाहुण्याच्या मनातलं ओळखून बोलावं एवढी सभ्यता आमच्या गावांत आहे. सरकारनं सरकारलाच उत्तर दिलं होतं, मध्ये नुसता एक खिसा होता. मी तो तुकडा लँडरोव्हरच्या राखदाणीत टाकला. ऑफिसात साहेबांनी विचारलं, मोसेत्ला काय म्हणालं? मी म्हणालो, अकरा. साहेब म्हणाले, खोत्ला म्हणाला? म्हटलं, हो, सगळे. साहेब जुन्या वळणाचे होते. त्यांनी चष्मा काढला, पंचवीस खोडलं. मी तोंड उघडलं होतं. टंकयंत्रावर आधीच कागद चढला होता.

मग साहेबांनी मला कंपास आणि नकाशा दिला. पंचवीसचे गोल मी आधी काढलेलेच होते, गरिबाच्या घरातल्या ताटल्यांसारखे, दूर दूर मांडलेले. आता पाय आवळला, अकरावर आणला, टोक रोवलं, फिरवलं. संध्याकाळपर्यंत सगळा देश गोलांनी भरून गेला, पाण्यात मूठभर खडे फेकावेत तसा, एकात एक घुसणारे, काठाशी थरथरणारे. मी खुर्चीवर उभा राहून पाहिलं. एका चुकीचं एवढं रूप असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. योजनेची भाषा मोठी मजेदार, तिच्यात कोणी काही करत नाही, सगळं करण्यात येतं. आणि खरंच करण्यात आलं. सात वर्षांनी कुठल्याशा कामानं जाताना काटेरी झुडपांत मध्येच एक पांढरी भिंत दिसली, खाली निळा पट्टा, दारात बाभळीला वजनाचा काटा टांगलेला आणि काट्याच्या झोळीत एक तान्हं पोर. ते सगळ्या जगावर चिडून लाथा झाडत होतं. नर्स ओरडली, "हलू नकोस रे राजा, आकडा दिसत नाही!" मी गाडीतून उतरलो नाही. माझं वाक्य होतं ते, चौदा-सहा, लाथा झाडत होतं. त्याला काय सांगणार होतो, की तू सिगारेटच्या पाकिटातून आलास?

"जागा धरलीत का, साहेब?" दवाखान्याच्या बाकाशी मोत्सुमी आला होता. रक्तदाबाच्या गोळ्यांचा आमचा दिवस एकच, आणि तो नेहमी उशिरा येतो, कारण जागा धरायला मी असतो. पंच्याऐंशीचा आहे, तिन्ही ऋतूंत तपकिरी जाकीट घालतो. तो बाकावर टेकला, माझा चेहरा पाहिला. "काय झालं? नर्सनं मागणी नाकारली?" मी त्याला ओनालेन्नाचं सांगितलं, आणि मग, बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, कागदाचंही सांगितलं. सांगताना हसत होतो. तो हसत नव्हता. "कुठला कागद?" तो म्हणाला. "तुझ्या प्रवासाच्या नोंदीचा. अकरा. माझ्या खिशात टाकलेला." "साहेब," मोत्सुमी म्हणाला, "मी नोंद वहीत करतो. बांधलेली वही, सरकारी शिक्का. पाकिटाच्या तुकड्यावर नोंद करणारा ड्रायव्हर तुम्ही दुसरा बघा. आणि तुमच्या खिशात मी कशाला हात घालू? तुमच्या खिशात असायचं काय?" "मग अक्षर तुझं कसं?" "अक्षर माझंच. तो म्हातारा आला होता ना."

मी विचारलं, कुठला म्हातारा. "लांब हातांचा. तुम्ही प्रमुखांकडे चहा पीत होतात, मी गाडीच्या सावलीत कण्या खात होतो. आला, उकिडवा बसला, काट्याकडे बोट दाखवून म्हणाला, हे रस्ता मोजतं म्हणतात, खरं का? म्हटलं, खरं. तर म्हणाला, मोठ्या रस्त्यापासून इथवर किती झालं? म्हटलं, अकरा. अकरा म्हणजे पुष्कळ का, म्हणाला. म्हटलं, बाबा, गाडीला काय, एक सिगारेट. मग तो काट्याकडेच बघत राहिला. मीच म्हटलं, का हो?" मोत्सुमीनं टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. "त्या हिवाळ्यात पोरगी अडली होती त्याची. पहिलटकरीण. दोन दिवस झाले, तेव्हा यानं आणि बायकोनं तिला घोंगडीत घालून उचललं आणि पहाटे निघाले, मोठ्या रस्त्यावर ट्रक मिळतो म्हणून. रस्त्यापर्यंत ती बोलत होती, म्हणाला. पाणी मागितलं. रस्ता लागला तेव्हा म्हणाली, आला का? हा म्हणाला, आला. ट्रक दुपारी आला." "आणि?" "ट्रक दुपारी आला, साहेब."

मोरुलाची सावली माझ्या बुटांवरून पुढे सरकली होती. "मला म्हणाला, सरकार येणार आहे, त्यांना पायांचं कळत नाही, आकड्याचं कळतं. मला तो आकडा द्या, मी चुकीन. वाचता येत नव्हतं त्याला. मी पाकीट फाडून लिहून दिलं. वाचता येत नाही तर कशाला, म्हटलं. तर म्हणाला, हातात असला म्हणजे विसरणार नाही. मग खोत्लाकडे गेला, अकरा, अकरा, अकरा, असं पुटपुटत, पोरं पाढा म्हणतात तसं." "तू मला का नाही सांगितलंस?" "तुम्ही विचारलंत कधी? मागच्या सीटवर बसायचात तुम्ही. कागद चाळत."

माझ्या जाकिटाच्या खिशात हलणारा तो हात परत दिसत होता, तोच हात, तेवढाच वेळ, पण आता तो काही शोधत नव्हता. तो धरून होता. कागद माझ्या खिशात कोणी वाचला नव्हता, कागद तो घेऊन आला होता, आणि बोलून झाल्यावर तिथेच ठेवून गेला होता, जसं एखादं काम सोपवून जावं. अकरा, त्याच्या पुढे नाही. मी ते मागणी म्हणून ऐकलं होतं. ती मोजणी होती. आणि बाकीचे पुरुष, एकामागून एक, गाढवांवालासुद्धा, ते माझ्या मनातलं ओळखत नव्हते. त्यांना ठाऊक होतं. वाळूवर बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. शिपायानं पुकारलं होतं ना मोठ्यानं, रा-सेथुन्या. सबंध गाव रोज त्याला हाक मारताना तिचं नाव घेत होतं, आणि मी विचारलंसुद्धा नाही, सेथुन्या कुठे आहे म्हणून. त्या एका मुलीच्या पहाटेचं टोक मी नकाशावर रोवलं होतं आणि देशभर फिरवलं होतं. इतके गोल. प्रत्येक गोलात ती रस्त्यापर्यंत जिवंत होती. मी चुकीला हसत होतो, बेचाळीस वर्षं, आणि ती चूक नव्हतीच. देशात त्या वर्षी एकच माणूस नीट मोजून आला होता, आणि त्याला वाचता येत नव्हतं. तुकडा मी राखदाणीत टाकला होता.

मी ओनालेन्नाला फोन लावला. "आधार मिळाला," म्हणालो, "लिही. प्रत्यक्ष मोजणी. दोनदा केलेली, एकदा गाडीनं, एकदा पायी." "वा, रा!" कळा धावायला लागल्या. "नमुना किती?" "एक." कळा थांबल्या. "एक हजार?" "एक." "रा, समिती हसेल." "हसू दे. नाव लिही, सेथुन्या." मग मी तिला सगळं सांगितलं, घोंगडी, पाणी, ट्रक. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "हे रकान्यात मावत नाही, रा. तुम्ही स्वतः या. मी तुम्हाला आत घेते." तिचा आवाज सकाळइतका नम्र नव्हता. तो मला आवडला.

नर्स दारात आली, "रा-बोनोलो, अर्धा तास झाला, दंड द्या." मी म्हटलं, दंड संध्याकाळी आणतो. "विचार केलात ना?" ती म्हणाली, "दिसतंय तोंडावर." मोत्सुमी मला वरून खालपर्यंत न्याहाळत होता, काठीवाला शिपाई बघत होता तसाच. "असेच जाणार? सदऱ्यात?" "मंत्रालयात आता चालतं. तिथे पोरं टी-शर्टवर असतात." "चालत असेल. ऐकत नसतील." तो उभा राहिला, कष्टानं एक बाही सोडवली, मग दुसरी. आत सदऱ्याला ठिगळ होतं, ते त्यानं हातानं झाकलं. तपकिरी जाकिटाला मेंढीचा आणि कापराचा वास होता. मला ते आखूड झालं, मनगटं बाहेर. मग त्यानं गोळ्यांची चिठ्ठी पालथी घातली, नर्सच्या कानामागची पेन्सिल न विचारता घेतली, काहीतरी लिहिलं आणि चिठ्ठी माझ्या उजव्या खिशात सारली. "मला वाचता येतं, मोत्सुमी," मी म्हणालो. "ठाऊक आहे, साहेब. एवढं शिकलात, म्हणून तर भीती."

समितीच्या खोलीत गारवा होता. बारा माणसं, प्रत्येकासमोर दोनशे पानं. भिंतीजवळ ओनालेन्ना, अपेक्षेपेक्षा बुटकी, लालसर डोळे. अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहून मला पाच मिनिटं दिली. वाटेत मी चांगलं भाषण रचलं होतं, त्यात दोन विनोदही होते. उभा राहिलो. हात खिशात गेला, चिठ्ठीची घडी बोटांना लागली, आणि भाषण कुठे गेलं मला कळलं नाही. किती वेळ मी नुसता उभा होतो. कोणी अडवलं नाही. मग मी म्हणालो, "अकरा. त्याच्या पुढे नाही." आणि सेथुन्या कोण ते सांगितलं, जेवढं मोत्सुमीनं सांगितलं होतं तेवढंच, त्याच शब्दांत. आणि बसलो.

एकानं पान उलटलं, परत उलटलं. एक जण, वयानं माझ्या बोनोलोएवढा, जाकिटाची बटणं लावत उठला. त्यानं चष्मा काढला, दोनशे पानं बाजूला सरकवली आणि म्हणाला, "रा-सेथुन्या म्हणतात ते." त्याच्या शेजारची बाई उठली, म्हणाली, अकरा. मग पलीकडचा. मी खाली बघत बसलो होतो. खिशातला हात बाहेर काढायचा धीर मला होत नव्हता. सगळ्यांत शेवटी अध्यक्षबाई उठल्या.